क्रॅश दाखव, मग बोल

(पडद्यावर काळा टर्मिनल, त्यात अर्थहीन अक्षरं सरकताहेत)

आज विषय एआय वापरून सॉफ्टवेअरमधले बग, म्हणजे चुका, शोधण्याचा, पण सुरुवात बरीच आधीची. 1988 साल, अमेरिकेतलं विस्कॉन्सिन विद्यापीठ. प्राध्यापक बार्टन मिलर घरून मोडेम लावून कॉलेजच्या युनिक्स (एक ऑपरेटिंग सिस्टिम) मशीनवर काम करत बसलेत, बाहेर वादळ, विजा, आणि फोनलाइनवर नुसती खरखर, म्हणजे टाइप करतोय एक आणि पोचतंय भलतंच. बरं लाइन खराब म्हणून कचरा येतोय हे ठीक, पण त्या कचऱ्याने रोजच्या वापरातले चांगले चांगले प्रोग्राम पटापट बंद पडत होते, आणि हे काही त्यांना पटेना. मग प्राध्यापक जे करतात तेच त्यांनी केलं, विषय पोरांना प्रोजेक्ट म्हणून देऊन टाकला!

1990 मध्ये पेपर आला. जवळपास 90 प्रोग्राम, युनिक्सच्या सात आवृत्त्या, प्रत्येकावर रँडम अक्षरांचा मारा, आणि कुठलीही आवृत्ती घ्या, 25 ते 33 टक्के प्रोग्राम आडवे. याला फझिंग म्हणतात, आणि हा मारा करणाऱ्या टूलला फझर. मला यातला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे त्यांचा नियम. प्रोग्राम क्रॅश झाला किंवा लटकला तरच बग, बाकी "मला वाटतं इथे गडबड आहे" वगैरे चालणार नाही.

तुम्ही म्हणाल यात एआय कुठंय. येतोय, थांबा जरा.

आता सिंगापूर. नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरमध्ये प्राध्यापक अभिक रॉयचौधुरी, जादवपूरला इंजिनिअरिंग, स्टोनी ब्रुकला पीएचडी, आणि 2001 पासून तिथेच. पंचवीसेक वर्षं माणूस एकाच प्रश्नाभोवती फिरतोय, प्रोग्राम कुठे चुकतो आणि तो आपोआप दुरुस्त कसा करायचा. त्यांच्याकडचे मार्सेल बोमे आणि व्हॅन-थुआन फाम यांच्यासोबत 2016 ला एएफएलफास्ट हा फझर आला. तोवर फझर हुशार झाले होते, कोडचा कुठला रस्ता चालला गेला हे ते बघायचे, पण वेळ सगळा जात होता त्याच त्याच गर्दीच्या रस्त्यांवर. या लोकांनी गणित मांडलं आणि म्हणाले, जिथे क्वचित कोणी जातं तिथे जास्त वेळ द्या. बस एवढंच. पुढे बोमे जर्मनीत बोखुमला मॅक्स प्लांक संस्थेत गेले, फाम मेलबर्नला, आणि हा विषय तीन खंडांत पसरला.

पण सर्व्हर तपासायचा म्हटलं की फझरची पंचाईत होते, कारण सर्व्हरशी बोलायला रीत लागते. या रीतीला प्रोटोकॉल म्हणतात. व्हिडिओ स्ट्रीमिंगचा जुना आरटीएसपी प्रोटोकॉल घ्या, तो लिहिलाय 1998 च्या आरएफसी 2326 या नियमांच्या कागदात. आधी सेटअप पाठवायचा, मग प्ले, मग पॉज, शेवटी टेअरडाउन. तुम्ही डायरेक्ट प्ले पाठवलं की सर्व्हर एरर देऊन मोकळा, आणि खरे बग लपलेत ते आत, व्हिडिओ चालू असतानाच्या अवस्थेत. रँडम अक्षरं फेकून तिथवर पोचायचं म्हणजे अख्खा जन्म गेला. ही रीत लिहिलेली कुठे असते? शेकडो पानांच्या इंग्रजी कागदात, जो मशीनला वाचता येत नव्हता.

आणि मग वाचता यायला लागला. 2024 मधला रॉयचौधुरींच्या टीमचा चॅटएएफएल हा पेपर तिथून निघतो. लँग्वेज मॉडेलने असले कागद ट्रेनिंगमध्ये आधीच चघळलेले असतात, तर त्यालाच विचारा की या प्रोटोकॉलचे मेसेज दिसतात कसे, त्यातला कुठला भाग बदलला तर चालेल, आणि फझर अडकून बसला, नवीन काही सापडेना, की आतापर्यंतचं सगळं संभाषण त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा, बाबा आता पुढे काय बोलू? मॉडेल कुठलं, तर जीपीटी 3.5, आजच्या मानाने अगदी साधं. आधीच्या एएफएलनेट या फझरपेक्षा सर्व्हरच्या अवस्थांमधली ये-जा साधारण 48 टक्के जास्त दिसली, आणि कोणालाच माहीत नसलेल्या नऊ त्रुटी सापडल्या, जिथे एएफएलनेटला तीनच सापडल्या होत्या.

इथे जरा थांबू, कारण खरी गंमत आकड्यात नाहीये. मॉडेल थापा मारतं हे आता सगळ्यांना माहितीये. पण चॅटएएफएलमध्ये त्याने थाप मारली तर होतं काय? सर्व्हर तो मेसेज नाकारतो, एक मेसेज फुकट गेला, चला पुढे. बग आहे की नाही हे मॉडेल ठरवतच नाही, ते क्रॅश ठरवतो, मिलरसरांचा जुनाच नियम! म्हणजे मॉडेलला अशा जागी बसवलंय की त्याची थाप स्वस्तात पचते. माझ्या मते या क्षेत्रातली निम्मी हुशारी ही जागा निवडण्यात आहे.

चुकीच्या जागी बसवलं तर काय होतं तेही बघा.

(पडद्यावर चार ओळींचं फंक्शन)

हिंजवडीत टेस्टिंग करणाऱ्या मंडळींना हे लगेच कळेल. नियम असा की हजार किंवा त्याहून जास्त खरेदीवर सूट. डेव्हलपरने चुकून लिहिलं "हजारपेक्षा जास्त". आता हे फंक्शन मॉडेलला द्या आणि म्हणा युनिट टेस्ट, म्हणजे एकट्या फंक्शनची तपासणी, लिहून दे. ते बरेचदा कोड वाचतं आणि कोड जे करतो तेच बरोबर धरून चालतं, बरोब्बर हजारला सूट शून्य अशी टेस्ट लिहितं, टेस्ट पास, डॅशबोर्ड हिरवागार, मॅनेजर खूश. बग जिथल्या तिथे. टेस्टला बरोबर काय ते बाहेरून कोणीतरी सांगावं लागतं, नुसतं कोडकडे बघून ते कसं कळणार, आणि हा प्रश्न एआयच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

दुसरी चुकीची जागा म्हणजे बग रिपोर्ट. कर्ल हे इंटरनेटवरून डेटा आणा-पाठवायला जगभर वापरलं जाणारं टूल, त्याचा स्वीडनमधला मुख्य मेंटेनर, म्हणजे ते सांभाळणारा, डॅनियल स्टेनबर्ग 2024 मध्ये उघडपणे वैतागला, कारण बक्षिसाच्या आशेने लोक एआयकडून गुळगुळीत भाषेतले सिक्युरिटी रिपोर्ट लिहून पाठवत होते, वाचायला एकदम भारी, आत काही नाही, आणि हे खोटं आहे एवढं शोधायलाच मेंटेनरचे तास जात होते. पण याच स्टेनबर्गने 2025 च्या सप्टेंबरमध्ये एका संशोधकाने एआय टूल्स वापरून शोधलेल्या बगच्या यादीचं कौतुकही केलं, कारण त्यातले बरेच बग खरे निघाले.

म्हणून या विषयात पीएचडी करणाऱ्याचा बराचसा वेळ टूल बनवण्यात जात नाही, तर ते खरंच चालतं का हे सिद्ध करण्यात जातो. 2018 मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या मंडळींनी आपल्याच क्षेत्रातले 32 फझिंग पेपर उकरून काढले, आणि प्रत्येकाच्या प्रयोगात काही ना काही खोट निघाली. फझर म्हणजे शेवटी नशिबाचा खेळ, एकदा चालवून "माझा जिंकला" म्हणायला अर्थ नाही, तोच प्रयोग चोवीस चोवीस तास, पुन्हा पुन्हा चालवायचा. त्यात मॉडेल आलं की नवीन डोकेदुखी, हा बग त्याने शोधला की ट्रेनिंगमध्ये त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, आधीच वाचला होता? रिव्ह्यूअर पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि विचारलाच पाहिजे.

तरी काम पुढे सरकतंय. गूगलने 2024 च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं की ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमध्ये बहुधा दोन दशकं पडून राहिलेला एक बग सापडला, कसा, तर लायब्ररी आणि फझर जोडणारं कंटाळवाणं कोड मॉडेलने लिहिलं म्हणून. इथेही जागा स्वस्तातलीच, कोड चुकलं तर बरेचदा कंपाइलच होणार नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये लास व्हेगासला डार्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या स्पर्धेत टीम अटलांटाने 40 लाख डॉलर जिंकले, जॉर्जिया टेकची माणसं, सोबत सॅमसंग आणि कोरियातली दोन विद्यापीठं. तिथे बग शोधणं आणि पॅच करणं दोन्ही मशीननेच.

आणि पॅच ही सगळ्यात महाग जागा. रॉयचौधुरींच्या लॅबचं ऑटोकोडरोव्हर 2024 मध्ये खऱ्या प्रोजेक्टमधल्या तक्रारी घेऊन दुरुस्ती करायला बसलं, स्वेबेंच लाइट या तक्रारींच्या ठरलेल्या संचातल्या 300 पैकी 19 टक्के सुटल्या, एका तक्रारीचा खर्च सरासरी अर्ध्या डॉलरच्या आत. पुढच्या वर्षी सोनार कंपनीने ते विकतही घेतलं. पण टेस्ट पास झाली म्हणजे पॅच बरोबर असं नाही, तो फक्त तेवढ्याच टेस्टपुरता बरोबर असू शकतो, आणि क्रॅशसारखा रोखठोक पुरावा पॅचसाठी अजून कोणाकडे नाही. सध्या बरीच पोरं पीएचडीला त्याच्याच मागे आहेत.