लखोट्यावरची सही

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय छापलाय 'अटीतटीची लढत : प्रचार आणि मतदाराचं मन'. तिकडे मी येणारच आहे, पण आधी एक खुलासा. गव्हर्नर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मलबार हिलवरचं राजभवन येतं, दिल्लीहून नेमलेला माणूस येतो. अमेरिकेतल्या राज्याचा गव्हर्नर थेट लोक निवडतात. अंदाजपत्रक, खाती, विधेयकांवरची सही, सगळा कारभार त्याच्याकडे. आपला मुख्यमंत्रीच समजा.

निवडणूक आहे २००४ सालची, वॉशिंग्टन राज्याच्या गव्हर्नरपदाची. राजधानीचं वॉशिंग्टन नव्हे, पार पलीकडच्या किनाऱ्यावरचं, सिएटलचं. मायक्रोसॉफ्टमुळे तिकडे मराठी माणसं पुष्कळ. इथेही कुणाचा मुलगा, कुणाची सून रेडमंडला असेल. मी तेव्हा सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला होतो. ग्रीन कार्ड होतं, मताचा हक्क नव्हता.

डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्रिस्टीन ग्रेग्वार, तीन वेळा राज्याच्या ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील, झालेल्या. समोर रिपब्लिकन डिनो रॉसी, राज्याच्या सिनेटमध्ये अर्थसंकल्प सांभाळलेले. मतं पडली २८ लाखांच्या आसपास. पहिल्या मोजणीत रॉसी २६१ मतांनी पुढे. यंत्रांवर फेरमोजणी झाली, आघाडी उरली ४२. आपल्याकडे २०२४ मध्ये वायव्य मुंबईतून रवींद्र वायकर ४८ मतांनी लोकसभेवर गेले, तेव्हा केवढी चर्चा झाली! ते एका मतदारसंघाचं झालं. इथे अख्खं राज्य ४२ मतांवर अडलेलं. तिथल्या कायद्याप्रमाणे पक्षाने पैसे भरले तर हाताने फेरमोजणी मागता येते. डेमोक्रॅटांनी सुमारे ७ लाख ३० हजार डॉलर भरले आणि एकेक मतपत्रिका पुन्हा हातात घेतली गेली.

आता सहीकडे येतो, कारण मला जे सांगायचंय ते तिथेच आहे. तिकडे तेव्हाही बहुतेक लोक टपालाने मत देत. मतपत्रिका लखोट्यात घालायची आणि बाहेरच्या लखोट्यावर सही करायची. कर्मचारी ती नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहतो. जुळली तर लखोटा उघडायचा, नाही तर बाजूला. फेरमोजणी चालू असताना, १२ डिसेंबरला, किंग काउंटीच्या, म्हणजे सिएटलच्या जिल्ह्याच्या, कौन्सिलचे अध्यक्ष लॅरी फिलिप्स आपल्या भागातल्या बाद मतदारांची यादी वाचत होते. वाचता वाचता त्यांना त्यांचं स्वतःचं नाव सापडलं! त्यांची सही संगणकात चढलेलीच नव्हती, आणि मूळचं नोंदणीकार्ड काढून पाहायची तसदी कुणी घेतली नव्हती. मग शोध सुरू झाला. असे ५७३ लखोटे निघाले.

ही बातमी वाचली तेव्हा मला माझे वडील आठवले. थोडं विषयांतर होईल, पण सांगतोच. वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात चालायचा, पण कापायचा. पेन्शन काढायला बँकेत गेलो. खिडकीतल्या माणसाने नमुना सहीचं कार्ड काढलं. त्यावर वडिलांची १९६८ सालची सही, शाईच्या पेनाने केलेली, शेवटच्या अक्षराखाली लांब फराटा. तो म्हणाला, "काका, जुळत नाही. जुनी सही आठवून करा." आम्ही परत आलो. नंतरचे आठ दिवस वडील ओसरीवर बसून कोऱ्या कागदांवर सही गिरवत होते. स्वतःच्याच सहीची नक्कल! तो फराटा काही केल्या सरळ यायचा नाही. आई दोनदा म्हणाली, "अहो, राहू द्या आता." ते ऐकेनात. पुढच्या खेपेलाही सही जुळली नाही. तेव्हा आतून एक वयस्क अधिकारी बाहेर आले, वडिलांच्या शेजारी बाकावर बसले, समोर सही करून घेतली आणि नवं कार्ड भरलं. पाच मिनिटांचं काम. त्या बाकावर येऊन बसायला आठ दिवस कुणाला सुचलं नव्हतं, एवढंच.

मतदाराचंही तेच आहे, असं मी वीस वर्षं सांगत आलोय. मत बाजूला काढायचं असेल तर खुशाल काढा, पण त्या माणसाला आधी विचारा.

सभेच्या अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. पत्रिकेवरचा विषय आता भराभर घेतो.

मतदाराचं मन. त्याच दिवशी, त्याच राज्यात अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट जॉन केरींना मतं मिळाली १५,१०,२०१. ग्रेग्वारना १३,७३,३६१. पक्ष एकच, फरक १ लाख ३६ हजारांवर. म्हणजे वर केरी आणि खाली दुसरं नाव, अशी मतं देणारे ढिगाने होते. माझं निदान असं : गव्हर्नरपद वीस वर्षं एकाच पक्षाकडे होतं, लोक कंटाळले होते, आणि ग्रेग्वार सरकारातल्याच वाटत होत्या. रॉसींनी धर्म, गर्भपात असले विषय पुढे येऊ दिले नाहीत. उद्योग, खर्च आणि बदल एवढंच बोलले. लिबर्टेरियन या तिसऱ्या, छोट्या पक्षाच्या रूथ बेनेट ६३,४६५ मतं घेऊन गेल्या, तीही विसरू नका.

प्रचार. मतदान संपलं तरी तो संपला नव्हता. मतदानकेंद्रावर तात्पुरती म्हणून, नोंदणी नंतर तपासायची म्हणून, घेतलेली काही मतं सहीपायी अडकली होती. न्यायालयाने त्या मतदारांची नावं द्यायला लावली आणि डेमोक्रॅटांचे स्वयंसेवक सही करून घ्यायचे कागद घेऊन दारोदार निघाले. रिपब्लिकनही निघाले, पण मागून. माझ्या लेखी निवडणूक या चालण्यावर फिरली, जाहिरातींवर नाही.

पुढचं : २२ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते बाजूला पडलेले लखोटे तपासून मोजायला परवानगी दिली. ग्रेग्वार १२९ मतांनी निवडून आल्या. रॉसी न्यायालयात गेले. जून २००५ मध्ये न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांनी १,६७८ मतं बेकायदा ठरवली, पण त्यातली बहुतेक कुणाला पडली याचा पुरावा नव्हता. पुरावा होता मोजक्याच मतांचा, गुन्ह्याच्या शिक्षेमुळे मताचा हक्क गमावलेल्यांच्या साक्षीचा, आणि त्यातली चार रॉसींना पडलेली. ती वजा झाली, फरक झाला १३३. रॉसींनी अपील केलं नाही. २००८ मध्ये पुन्हा हेच दोघे उभे राहिले, तेव्हा ग्रेग्वार आरामात जिंकल्या.

तिथे आता सही जुळली नाही तर मतदाराला कळवावंच लागतं, आणि लखोटा कुठवर पोचला ते त्याला घरबसल्या पाहता येतं. २००४ च्या नोव्हेंबरात तसं नव्हतं. आमच्या इमारतीत भर पावसात एक मुलगी आली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. माझ्या शेजाऱ्याचं दार वाजवलं. तो सही करायलाच विसरला होता. त्याने जिन्यातल्या भिंतीवर कागद टेकवून सही केली. मी माझं पेन दिलं होतं. त्याचं मत मोजलं गेलं का, असं पुढे नाताळात मी त्याला विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं.