वरचा दोन मिलिमीटरचा थर

मंडळी, नमस्कार. पॅरिसच्या फ्रेंच ओपन या टेनिस स्पर्धेच्या कोर्टात माती नसते, इथूनच सुरुवात करू. टीव्हीवर जी तांबडी माती दिसते ती विटांची भुकटी आहे. भाजलेल्या विटा दळायच्या, चाळायच्या आणि त्या भुकटीचा थर द्यायचा. तोही किती? एक ते दोन मिलिमीटर. त्याच्या खाली सहा-सात सेंटिमीटर जाडीचा, दाबून बसवलेला चुनखडीचा पांढरा चुरा. त्याखाली जळलेल्या कोळशाचा सच्छिद्र चुरा, मग खडी, आणि तळाला मोठे दगड. सगळं मिळून साधारण 80 सेंटिमीटर खोल.

म्हणजे खेळाडू खऱ्या अर्थाने उभा असतो तो चुनखडीवर. विटांची भुकटी असते ती रंगाला आणि पाय घसरवायला. चुनखडी पाणी धरून ठेवते, कोळशाचा थर जादाचं पाणी खाली जाऊ देतो. उन्हात कोर्ट सुकलं की रंग फिका पडतो, चेंडू पळायला लागतो, पाय सटकतात. ओलं झालं की चेंडू जड होतो, भुकटी चिकटून त्याचा लाडू होतो. म्हणून सकाळी पाणी, दोन सामन्यांच्या मध्ये पाणी, सेट संपला की जाळी ओढून सारखं करणं, रेषा झाडणं. आपल्या तालमीत हौद्यातल्या मातीला ताक, तेल, हळद, लिंबू घालून वस्ताद जसे जपतात, तसंच हे काम. पॅरिसमध्ये ती माणसं दर तासाला पडद्यावर दिसतात आणि आपण तेवढ्यात चहा टाकायला उठतो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की ही स्पर्धा समजून घ्यायची असेल तर त्या वेळी उठू नका.

हे विटांचं प्रकरण सुरू कुठे झालं? असं सांगतात की 1880 च्या सुमारास रेनशॉ नावाचे इंग्रज जुळे भाऊ, विल्यम आणि अर्नेस्ट, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान इथे टेनिस शिकवायचे. तिथल्या उन्हात गवत जळायचं. जवळच व्हालोरी नावाचं कुंभारांचं गाव. तिथली फुटकी भांडी दळून त्यांनी गवतावर पसरली. कुंभाराच्या उकिरड्यातून निघालेली ही गोष्ट मला फार आवडते. टेनिसवाल्यांना त्यांच्या खेळाचा इतिहास एवढा घरगुती असल्याचं फारसं सांगायला आवडत नाही, हेही खरं.

पॅरिसचं स्टेडियम मात्र 1928 चं. फ्रेंच अजिंक्यपद स्पर्धा 1891 पासून होती, पण ती फ्रान्समधल्या क्लबांच्या सभासदांपुरती. बाहेरच्या खेळाडूंना दार उघडलं 1925 मध्ये. मग 1927 मध्ये लाकोस्त, कोशे, बोरोत्रा आणि ब्रुन्यों या चौघा फ्रेंच खेळाडूंनी अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन डेव्हिस कप, म्हणजे देशादेशांमधल्या टेनिसचा कप, जिंकून आणला. पुढच्या वर्षी तो राखायचा सामना पॅरिसमध्ये, आणि एवढी गर्दी मावेल अशी जागाच नाही. घाईघाईने पोर्त दोतेयच्या भागात स्टेडियम उभं राहिलं आणि त्याला नाव मिळालं रोलाँ गारोस या वैमानिकाचं. या गृहस्थांचा टेनिसमध्ये काही पराक्रम नाही. 1913 मध्ये विमानाने भूमध्य समुद्र न थांबता पार करणारा तो पहिला माणूस. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून पळाला, पुन्हा लढायला गेला आणि 5 ऑक्टोबर 1918 रोजी, तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विमान पाडलं जाऊन मारला गेला. जागा देणाऱ्या क्लबातल्या त्याच्या जुन्या सोबत्याने नावाचा आग्रह धरला. याच स्टेडियमात 1939 मध्ये फ्रेंच सरकारने परदेशी नागरिकांना डांबून ठेवलं होतं, लेखक आर्थर कोस्लर त्यांच्यातला एक. स्पर्धेच्या चकचकीत माहितीपटांत हे क्वचितच येतं.

आता पाण्याकडे या. 1932 साल. पुन्हा डेव्हिस कपचा निर्णायक सामना, समोर अमेरिका. त्यांच्याकडे एल्सवर्थ व्हाइन्स, त्या काळातला तोफखाना. त्याच वर्षी विम्बल्डन जिंकून आलेला. फ्रेंचांनी आदल्या रात्री कोर्ट भरपूर भिजवून ठेवलं, असा आरोप अमेरिकन गोटातून झाला. व्हाइन्सची सर्व्हिस त्या ओल्या कोर्टात रुतली आणि तो पहिलाच सामना बोरोत्राकडून हरला. पुढे बोरोत्रा आणि विल्मर ॲलिसन. बोरोत्रा दोन सेटने मागे, पाचव्या सेटमध्ये ॲलिसनला मॅच पॉइंट, म्हणजे एक पॉइंट घेतला की सामना त्याचा. बोरोत्राची पहिली सर्व्हिस चुकली. दुसरीही बाहेर गेल्यासारखी दिसली. ॲलिसनने ती मारलीच नाही, हात मिळवायला जाळीकडे निघाला. लाइनमनने सांगितलं, आत आहे. सामना पुढे चालू राहिला, बोरोत्रा जिंकला, कप पॅरिसमध्ये राहिला. पाणी किती घालायचं आणि खूण कुठे उमटली, या दोन भांडणांवर पॅरिसचं टेनिस तेव्हापासून चाललं आहे, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

चेंडूचं काय होतं ते थोडं बघू. गवतावर चेंडू टप्पा पडला की सरपटत निघतो. विटांच्या भुकटीवर तो टेकतो तेव्हा घर्षण जास्त, त्याचा पुढे जायचा वेग खाल्ला जातो आणि तो वर उसळतो. त्यात टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने दिलेली फिरकी, असेल तर खांद्यापर्यंत, कधी कानापर्यंत. याचा परिणाम असा की जो फटका विम्बल्डनच्या गवतावर पॉइंट संपवतो, तो इथे फक्त सुरुवात करतो. समोरचा दोन पावलं मागे सरकतो, घसरत चेंडूपाशी पोचतो आणि चेंडू परत तुमच्या अंगणात. एकच पॉइंट तीनतीनदा जिंकावा लागतो.

सर्व्हिसच्या जोरावर राज्य करणाऱ्यांचं इथे काय झालं ते बघा. पीट सॅम्प्रस: चौदा ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं, त्यात पॅरिस नाही. 1996 च्या उपांत्य फेरीपुढे गेला नाही. बोरिस बेकरने तर आयुष्यात क्लेवर, म्हणजे अशा तांबड्या कोर्टावर, एकेरीचं एकही विजेतेपद मिळवलं नाही. मॅकेन्रो 1984 च्या अंतिम सामन्यात लेंडलवर दोन सेटची आघाडी घेऊन हरला. आणि तोच लेंडल 1989 मध्ये सतरा वर्षांच्या मायकेल चँगपुढे गोंधळला. चँगच्या पायात गोळे आले होते, नीट सर्व्हिस करता येईना, तर पोराने खालून हात फिरवून लहान मुलासारखी सर्व्हिस टाकली आणि पॉइंट घेतला. सामना काढला, पुढे एडबर्गला हरवून स्पर्धाही काढली.

नदालबद्दल तुम्हाला सगळं माहीत आहे, म्हणून आकडे एकदाच सांगतो: 14 विजेतेपदं, 112 विजय, 4 पराभव. अंतिम फेरीत पोचला आणि हरला, असं एकदाही नाही. डावखुरा फोरहँड, चेंडूला मिनिटाला तीन हजारांहून जास्त फेरे, आणि तो उसळून उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडला, तेही खांद्याच्या वर. फेडररसारखा माणूस एकहाती बॅकहँडने तिथून काय करणार? पण मला विजयांपेक्षा त्या चार पराभवांतला पहिला जास्त शिकवून जातो. 31 मे 2009, चौथी फेरी, समोर स्वीडनचा रॉबिन सोडरलिंग. काही आठवड्यांपूर्वीच रोममध्ये नदालने त्याला 6-1, 6-0 असं धुतलं होतं. पॅरिसमध्ये सोडरलिंग मागे हटला नाही. उंच माणूस, दुसऱ्यांच्या खांद्यावर येणारा चेंडू त्याच्या सोयीच्या उंचीवर येत होता. तो उसळीच्या माथ्यावर घेऊन सपाट, जोरात मारत राहिला. 6-2, 6-7, 6-4, 7-6. इतके दिवस सगळे नदालच्या फिरकीवर उपाय शोधत होते, या माणसाने त्या उसळीचाच फायदा घेतला. त्या वर्षी फेडररला त्याचं एकमेव फ्रेंच विजेतेपद मिळालं, अंतिम सामन्यात याच सोडरलिंगला हरवून.

आता खुणेकडे येतो. विटांच्या भुकटीवर चेंडू पडला की ठसा उरतो. निर्णयावर शंका आली की अंपायर उंच खुर्चीवरून उतरतो, वाकून बघतो, बोट दाखवतो. ठसा आणि रेषा यांच्यामध्ये फट दिसली तर बाहेर, नाही दिसली तर आत. ऐकायला इतकं सोपं. पण ठसा कोणता? त्याच जागी चार चेंडू पडून गेलेले असतात. शिवाय चेंडू घसरत पडतो, त्यामुळे ठसा लांबट होतो. भुकटी सैल असेल तर एका कडेला ढीग साचतो.

1999 ची महिला अंतिम लढत आठवा. मार्टिना हिंगिस, वय अठरा, स्टेफी ग्राफविरुद्ध एक सेट आणि 2-0 ने पुढे. तिचा एक फटका बाहेर दिला गेला. तिला खात्री होती की तो आत होता. हिंगिस सरळ जाळीला वळसा घालून ग्राफच्या बाजूला गेली आणि ठसा दाखवायला लागली. नियमात हे बसत नाही. तिला पॉइंटचा दंड झाला. प्रेक्षक जे तिच्यावर उलटले ते शेवटपर्यंत. दुसऱ्या सेटमध्ये ती सामना जिंकण्यासाठी सर्व्हिस करत होती तरी हातातून गेलं, शेवटी तर तिने खालून सर्व्हिस टाकली आणि शिट्ट्या खाल्ल्या. ग्राफ 4-6, 7-5, 6-2 ने जिंकली. ते तिचं बाविसावं आणि शेवटचं ग्रँड स्लॅम. हिंगिसने नंतर खूप काही जिंकलं, दुहेरीत तर ढीगभर, पण पॅरिसची एकेरी तिला मिळाली नाही ती नाहीच. दोन इंचांच्या एका ठशापायी!

तेच वर्ष आगासीचं. 1990 आणि 1991 चे अंतिम सामने हरलेला, मध्यंतरी क्रमवारीत शंभराच्याही खाली घसरून आलेला आगासी मेदवेदेवविरुद्ध 1-6, 2-6 मागे होता आणि तिथून पाच सेटमध्ये जिंकला. आणि त्याच वर्षी लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी पुरुष दुहेरी जिंकली, इव्हानिसेविच आणि टारँगोला हरवून. मला एकच फ्रेंच ओपन पुन्हा बघायला मिळेल असं कोणी म्हणालं, तर मी 1999 मागेन.

ठसा वापरण्याचा एक सुंदर प्रकारही आहे. ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन 2001 मध्ये चौथ्या फेरीत मॅच पॉइंट वाचवून जिंकला आणि रॅकेटने त्याने कोर्टावर मोठं बदाम काढलं, मग गुडघ्यांवर बसला. असं सिमेंटवर करून दाखवा.

2025 पासून पुरुषांच्या एटीपी दौऱ्यावर क्लेवरही कॅमेऱ्यांनी निर्णय द्यायला सुरुवात झाली. माद्रिदमध्ये झ्वेरेव्हला कॅमेऱ्याचा निर्णय पटला नाही, तर त्याने मोबाइल आणून ठशाचा फोटो काढला आणि त्याबद्दल ताकीद घेतली. विम्बल्डननेही त्या वर्षी लाइन जजेसना निरोप दिला. रोलाँ गारोसने मात्र माणसं ठेवली. यावर दोन मतं आहेत आणि माझं मत फ्रेंचांच्या बाजूने आहे. कॅमेरा जास्त अचूक असेल, त्यात वाद नाही. पण इथे प्रत्येक फटक्याचा पुरावा कोर्टावर पडलेला असतो, दोघांनाही दिसतो. डोळ्यासमोरच्या ठशावर विश्वास ठेवू नका, पडद्यावरच्या चित्रावर ठेवा, हे खेळाडूला सांगणं मला जड जातं. बाकी, फ्रेंचांचा हट्ट किती वर्षं टिकतो ते बघू. 2025 चा अंतिम सामना, अल्काराझ आणि सिनर, 5 तास 29 मिनिटांचा, त्यात सिनरला एकामागोमाग तीन चँपियनशिप पॉइंट मिळाले आणि तिन्ही गेले. त्यातला एखादा ठशावरून ठरला असता तर आज मी एवढ्या आत्मविश्वासाने बोलत नसतो, हे कबूल.

वेळ होत आलीय, पण पहिल्या रांगेतून चिठ्ठी आलीय: आपल्या लोकांनी पॅरिसमध्ये इतकं जिंकलं, ते सगळं दुहेरीतच का? प्रश्न रास्त आहे. 1997 मध्ये भूपतीने जपानच्या रिका हिराकीबरोबर मिश्र दुहेरी जिंकली, ते भारतीयाचं पहिलं ग्रँड स्लॅम. पुढे 1999 आणि 2001 मध्ये पेस-भूपती. 2012 मध्ये भूपती आणि सानिया मिर्झा. 2016 मध्ये पेस आणि हीच आपली हिंगिस. 2017 मध्ये बोपण्णा. एकेरीत मुलांच्या गटात रमेश कृष्णन 1979 मध्ये जिंकला होता.

कारण या दोन मिलिमीटरमध्येच आहे. दुहेरीत कोर्टाच्या अर्ध्या रुंदीची जबाबदारी तुमची, जाळीजवळ एक जण कायम उभा, पॉइंट तीन-चार फटक्यांत संपतो. चेंडू जमिनीवर पडायच्या आतच निकाल लागतो, म्हणजे कोर्टाला बोलायला वावच कमी. पेसचा हात जाळीवर जगात कोणाहून कमी नव्हता. एकेरीत तसं चालत नाही. तिथे चौदाव्या वर्षापासून घसरायला शिकलेला स्पॅनिश किंवा अर्जेंटिनाचा पोरगा समोर असतो. आपले जुने मोठे खेळाडू गवतावर वाढले, नंतरचे हार्ड कोर्टवर. मधल्या काळात आपल्या जिमखान्यांत मुरुमाची कोर्टं होती, रोज पाणी, रोलर, फक्कीच्या रेषा. माळी निवृत्त झाला की समितीत ठराव यायचा, सिंथेटिक टाका, देखभाल नको. सुमित नागलसारख्या खेळाडूला क्लेवरचा खेळ पक्का करायला युरोप गाठावा लागला तो याच कारणाने. 2024 मध्ये तो पॅरिसच्या मुख्य फेरीत होता, पहिल्याच सामन्यात खाचानोव्हकडून हरला. तुमच्यापैकी कोणी क्लबच्या समितीवर असाल तर एक कोर्ट मुरुमाचं राहू द्या आणि माळ्याचा पगार वाढवा. बाकीच्या चिठ्ठ्या चहाबरोबर घेऊ.