पश्चिमेची खिडकी

(दृश्य : मुंबई, मे महिना. पश्चिमेकडे तोंड असलेली सपाट दर्शनी भिंत.)

संध्याकाळचे साडेपाच. सूर्य क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर. या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा आहे, पण त्याची सावली काचेवर वीतभरच उतरते. बाकी सगळी काच उन्हात. पडदा ओढून फारसं साधत नाही, कारण काचेतून आत आलेली उष्णता बरीचशी खोलीतच राहते. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर.

हाच छज्जा दक्षिणेच्या खिडकीवर बसवा. मार्च अखेरीस भर दुपारी चार फूट उंचीची काच पूर्ण झाकली जाते. छज्जा तोच, बदलली ती फक्त दिशा.

(दृश्य : कंबाला हिल. कांचनजंगा इमारतीचे कोपरे.)

मुंबईत घर पूर्व-पश्चिम उघडलं तर वारा मिळतो, समुद्र दिसतो. पण कडक ऊन आणि पावसाची झोडही त्याच बाजूंनी येते. जुन्या बंगल्यांनी भोवती व्हरांडा घालून हे निभावलं होतं. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी तोच व्हरांडा २८ मजल्यांवर चढवला. १९८३ साली पूर्ण झालेल्या या इमारतीत दुमजली उंचीच्या बागा कोपऱ्यांत कोरल्या आहेत आणि राहत्या खोल्या त्यांच्या आड आहेत. घरं श्रीमंतांची, हे खरं. पण काच सावलीत मागे घ्यायला श्रीमंती लागत नाही.

(दृश्य : संगणकाचा पडदा. इमारतीचं मॉडेल.)

कुठल्या भिंतीतून, खिडकीतून किती उष्णता आत येईल, याचा अंदाज आज बांधकामाआधीच घेता येतो. एनर्जीप्लससारख्या, इमारतीची उष्णता आणि ऊर्जा मोजणाऱ्या संगणक-प्रणालीत भिंतींचे थर, काच, छज्जे भरायचे. जोडीला त्या शहराच्या हवामानाची फाइल : वर्षाचे ८,७६० तास, तासातासाचं तापमान, आर्द्रता, ऊन, वारा. मग खिडकी फूटभर आत सरकवा. मायव्हानच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) काँक्रीट भिंतीऐवजी एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या छिद्रांचे हलके काँक्रीट ठोकळे, घालून बघा. एसीचा भार किती उतरला, ते लगेच कळतं.

२०१८ च्या इको-निवास संहितेनुसार (घरांसाठीची केंद्र सरकारची ऊर्जाबचत संहिता), थंड प्रदेश वगळता, भिंती-खिडक्यांतून घरात येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जायला नको. छताचा हिशेब वेगळा. या हिशेबात प्रत्येक दिशेच्या उन्हाला एक गुणक असतो; मुंबईच्या अक्षांशाला पूर्व-पश्चिमेचा गुणक सर्वांत मोठा, उत्तरेचा सर्वांत लहान.

मात्र हे मॉडेल बसवायचं ते पहिल्या कच्च्या आराखड्यावर, पेन्सिलीच्या एका रेघेनं खिडकी हलते तेव्हा. नकाशे मंजूर झाल्यावर, निव्वळ प्रमाणपत्रासाठी केलेल्या मॉडेलच्या हाती उरतं काय? काचेचा प्रकार आणि एसीचं टनेज. खिडकीची जागा तर कधीच ठरून गेलेली असते.

म्हणून सॅम्पल फ्लॅट बघायला जाल, तेव्हा टाइल्सच्या आधी विचारा : बेडरूमचं तोंड कुठे आहे? पश्चिमेला असेल, तर मे महिन्यात साडेपाच वाजता काचेवर सावली किती पडते?