तो प्यायलेला नाही

[दृश्य : सकाळ. बेसिनचा नळ सुरू आहे. चेहऱ्याला साबण. एका हाताने बेसिनची कड घट्ट धरलेली.]

तोंड धुताना डोळे मिटायचे आणि चेहऱ्यावर पाणी मारायचं. रोजचंच काम. पण काही जणांचा एक हात बेसिन सोडायला तयार नसतो. डोळे मिटले रे मिटले, की तोल जातो. दिवे गेले की भिंत धरून चालावं लागतं. घरचे म्हणतात, वय झालं.

वयाचं राहू द्या. तोल आणि हालचालींचा मेळ असा सुटतो, त्याला अटॅक्सिया म्हणतात. आधी मज्जारज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारी चेतांची दोरी, तपासा. पाय कुठे टेकलाय, गुडघा किती वाकलाय, याची खबर पायांकडून मज्जारज्जूतून मेंदूला जात असते. ती वाटेतच अडली तर डोळे कसंबसं निभावून नेतात. डोळे मिटले की तोही आधार जातो. पाय जुळवून उभं करून डोळे मिटायला सांगायची ही तपासणी आजही रोम्बर्ग यांच्या नावाने ओळखली जाते. १८४०च्या दशकात बर्लिनच्या या डॉक्टरांनी ही खूण नोंदवली.

अशी खबर अडण्याचं आपल्याकडे हमखास तपासावं असं एक कारण म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. शाकाहारी घर, दूधही बेताचं, किंवा मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन सुरू असेल, तर ती शंका आधी घ्यावी. रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं, इंजेक्शनं मिळतात. मात्र उशीर झाला तर झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही.

[दृश्य : टेबलावर चहाचा कप. हात पुढे येतो, कपाच्या पलीकडे जातो, मागे येतो. बशी खणखणते. चहा सांडतो.]

इथे गोष्ट वेगळी आहे. या हातात ताकद भरपूर आहे, पंजा लढवला तर तो तुम्हाला हरवेल. बिघडलाय तो हिशोब. कपापर्यंत पोचायला खांदा, कोपर, मनगट, बोटं यांना एकामागून एक हलावं लागतं आणि नेमक्या क्षणी थांबावंही लागतं. हे जुळवून आणतो डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू, म्हणजे अनुमस्तिष्क. वजनाने तो अख्ख्या मेंदूच्या साधारण एक दशांश, पण मेंदूतल्या निम्म्याहून जास्त चेतापेशी त्याच्यात असतात.

पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागे गोळी लागलेले सैनिक गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरांनी तपासले. त्यांच्या एका रुग्णाने सांगितलं, की डावा हात आपसूक चालतो, पण उजव्याची प्रत्येक हालचाल आधी विचार करून करावी लागते. दिवसभर असं जगायचं म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. शर्टाचं एक बटण लावायचं तरी विचार करूनच.

बेसिन धरणं असो की कप सांडणं, दोन्ही अटॅक्सियाच. हे लक्षण आहे, मूळ आजार शोधावा लागतो.

[दृश्य : गर्दीचा रस्ता. पाय फाकवून, झोकांड्या खात चालणारा माणूस. लोक बाजूला होतात.]

“सकाळी सकाळीच टाकून आलाय.”

हे वाक्य या माणसांनी किती वेळा ऐकलं असेल! दारू याच लहान मेंदूला गाठते, म्हणून चाल सारखी दिसते, जीभही तशीच जड होते. पण पिणाऱ्यालाही स्ट्रोक येतो, हे कृपा करून विसरू नका. तोल अचानक गेला, उलट्या सुरू झाल्या, बोलणं अडखळायला लागलं, डोकं ठणकायला लागलं, तर “झोपू दे, उतरेल” म्हणू नका. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. लहान मेंदूला सूज आली तर श्वास सांभाळणारा भाग दाबला जातो आणि जीवावर बेततं.

हळूहळू वाढणाऱ्या त्रासाची कारणं पुष्कळ. फिट्सच्या गोळ्यांचा डोस जास्त होणं, थायरॉइडचा बिघाड, मेंदूतली गाठ. मुलांमध्ये कांजिण्यांनंतरही असं होतं आणि बहुतेकदा ते आपोआप बरं होतं.

काही प्रकार आनुवंशिक असतात. शाळकरी मूल वारंवार पडायला लागलं, तर फ्रिड्रिक अटॅक्सियाचा विचार डॉक्टर करतात. १८६३ साली जर्मनीच्या निकोलाउस फ्रिड्रिक यांनी तो वर्णिला, दोषी जनुक सापडलं १९९६ मध्ये, आणि आजाराचा वेग कमी करणाऱ्या पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली २०२३ मध्ये. आई-वडील दोघेही धडधाकट असतात, दोष दोघांकडून येतो. म्हणून नात्यातल्या लग्नांत जोखीम वाढते. त्या आईला “तुझ्याच घराण्यातलं” म्हणून कुणी ऐकवू नये.

[दृश्य : जुनं पासबुक. त्याशेजारी आजची सही. अक्षरं मोठी झालीत, रेघ फुटलीय, शेवटचं वळण चौकटीबाहेर गेलंय.]

डॉक्टरांकडे जाताना रोजच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. चालतानाचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा. आणि घरात शोधा, अशी एखादी जुनी सही सापडते का. ती वेडीवाकडी कधीपासून व्हायला लागली, हे कागदच सांगेल.