तारखेवर आलेला माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

समुपदेशनाला माणूस आपणहून येतो, असे आमच्या पाठ्यपुस्तकांत गृहीत धरलेले असते. कारागृहात मात्र माणूस येत नाही, त्याला आणले जाते. कधी न्यायालयाचा आदेश असतो, कधी वैद्यकीय अधिकाऱ्याची चिठ्ठी. कधी बराकीत भांडण झाले म्हणून शिपाई "याला जरा समजवा" असे सांगून त्याला समोर बसवून जातो. एका न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेल्या, बंद्याने मला पहिल्याच दिवशी विचारले होते, "मॅडम, तुम्ही साहेबांच्या बाजूच्या की आमच्या?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वकील आणि अशील यांच्यातील संवादाला पुरावा कायद्याने जे संरक्षण दिले आहे, ते समुपदेशकापुढे झालेल्या बोलण्याला दिलेले नाही. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण त्यालाही अपवाद आहेत आणि न्यायालयाचा आदेश हा त्यांतलाच एक आहे. म्हणून मी प्रत्येकाला आधीच सांगते, की तुम्ही बैठकीला आलात की नाही एवढेच मी आपणहून कळवीन, तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मात्र गप्प राहणार नाही. आणि ज्या घटनेवरून खटला चालू आहे तिचा तपशील मला नको, तो वकिलांना सांगा. मनाचा उपचार करणाऱ्यानेच "हे मला सांगू नका" म्हणावे, हे विचित्र खरे; पण खटला संपेपर्यंत त्याच्या हिताचे तेच असते.

पुस्तकातले उपायही इथे जसेच्या तसे चालत नाहीत. झोप येत नसेल तर खोलीतला दिवा मालवा, असा सल्ला मी नवखी असताना एकाला दिला होता. त्याने शांतपणे सांगितले, की बराकीतला दिवा रात्रभर चालूच असतो. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले, तर अनोळखी माणसांत डोळे मिटायची हिंमत पुष्कळांना होत नाही. तेव्हापासून मी डोळे उघडेच ठेवायला आणि पायांखालची फरशी गार लागते का, एवढेच पाहायला सांगते. बैठकीच्या वेळी शिपाई दिसेल इतक्या अंतरावर असावा, पण त्याला ऐकू जाऊ नये, ही साधी व्यवस्था मिळवायलाच कधीकधी महिने जातात.

न्यायालयाच्या आदेशाने, पण कारागृहाबाहेर होणारे समुपदेशन याहून वेगळे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005च्या कायद्यातील कलम 14 प्रमाणे दंडाधिकारी पीडितेला किंवा प्रतिवादीला, एकेकट्याला अथवा दोघांना मिळून, समुपदेशन घेण्यास सांगू शकतात. या कायद्याच्या नियमांतली एक तरतूद मला फार मोलाची वाटते: केलेल्या हिंसेचे समर्थन प्रतिवादीने समुपदेशनात मांडायचे नाही, आणि हे त्याला आधीच सांगायचे. "ती उलट बोलली म्हणून हात उठला" हे वाक्य तिथेच थांबवता येते. मग तो चिडतो, घड्याळाकडे पाहतो, "सही करा, मला कामावर जायचंय" म्हणतो. सक्तीने आलेला माणूस बदलतच नाही, असे मी म्हणणार नाही. पण नुसत्या हजेरीला बदल समजून अहवाल लिहिणारे आमच्यातही आहेत, आणि त्याची किंमत घरी असलेली बाई मोजते.

पुन्हा कारागृहाकडे येते. आपल्या देशातील बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बंदी न्यायाधीन आहेत. कोणाला जामीन कधी मिळेल, कोणाची बदली कधी होईल, हे त्यांनाही ठाऊक नसते, आणि म्हणून बारा बैठकींचा आराखडा आखण्यात फारसा अर्थ नसतो. "बाजू कोणाची" असे विचारणारा तो बंदी पाचव्या बैठकीत आपल्या मुलीविषयी पहिल्यांदा बोलला. सहाव्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी जामिनाचा कागद पोहोचला आणि तो गेला. बाहेर कोणाकडे जायचे, हे मी त्याला सांगितलेच नव्हते. ते शेवटच्या बैठकीसाठी राखून ठेवले होते.

आता जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार बाह्यरुग्ण विभागाचे वार आणि टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मी पहिल्याच भेटीत हातात देते, नाव विचारण्याच्याही आधी.