डार्कवुड खरंच भेव दाखवतो का? आधी कूलर बंद करा

राम राम मंडळी! आज बोलू डार्कवुड या हॉरर व्हिडिओ गेमवर. आमच्या राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात हा गेम खेळलेले पोट्टे तसे मोजकेच, पण त्यांच्यात सरळ दोन पार्ट्या आहेत. एक म्हणतो, "दादा, एवढं भेव मले कोण्याच गेमनं दाखवलं नाही." दुसरा म्हणतो, "काय भेव बे त्यात? वरून सारं दिसते, बोटाएवढा माणूस फिरते, कायले घाबराचं?" आणि हा वाद काही फक्त आपल्याकडचा नाही. जिथं कुठं या गेमची गोष्ट निघते, तिथं हेच दोन सूर लागतात.

मी पहिल्या पार्टीतला, हे आधीच सांगून टाकतो. आणि दुसऱ्या पार्टीतल्या निम्म्या लोकांनी हा गेम कूलर चालू ठेवून खेळलाय, असा माझा पक्का संशय आहे. ते कसं, तिकडं येतोच.

[स्क्रीनवर: दिवसाचं जंगल, वरून दिसणारं. आवाज बंद.]

ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डार्कवुड पोलंडच्या ॲसिड विझर्ड स्टुडिओनं बनवला. नाव मोठं, पण माणसं तीन, तिघं दोस्तच. २०१३ मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा करून काम पुढं नेलं, जुलै २०१४ मध्ये अर्धवट अवस्थेतला गेम विकायला ठेवला आणि पूर्ण गेम आला १७ ऑगस्ट २०१७ ला. कन्सोलवर यायला २०१९ उजाडलं. गोष्ट पोलंडमधल्या कम्युनिस्ट राजवटीच्या काळातली. जंगल वाढत वाढत रस्ते गिळून बसलंय, आतली माणसं रोगानं बिघडलेली, बाहेर पडायची वाट कोणालाच ठाऊक नाही. तुम्ही त्यात अडकलेला एक माणूस. दिवसा फळ्या, खिळे, पेट्रोल, चिंध्या गोळा करायच्या. रात्री एका पडक्या घरात स्वतःला कोंडून घ्यायचं आणि सकाळची वाट पाहायची. बस, एवढंच.

आता "वरून सारं दिसते" या मुद्द्यावर येऊ, कारण खरी गोम तिथंच आहे. वरून दिसतं ते जमीन, भिंती, झाडांचे शेंडे. जिवंत काय आहे, ते मात्र तुमचा माणूस ज्या दिशेला तोंड करून उभा आहे, त्या बाजूच्या हातपंख्याच्या आकाराच्या तुकड्यातच दिसतं. पाठीमागं कुत्रं उभं असलं तरी स्क्रीनवर तिथं नुसती रिकामी जमीन. मान वळवा, कुत्रं हजर. परत समोर बघा, गायब. म्हणजे कॅमेरा आभाळात आणि नजर माणसाच्या डोळ्यांत, अशी गंमत करून ठेवली आहे. डोळ्यांसमोरून खेळायच्या हॉरर गेममध्ये मागचं दिसत नाही, ते आपल्याला सवयीचं असतं. इथं मागची जागा दिसते, पण त्या जागेत काय आहे ते दिसत नाही. माझ्या मते हे जास्त वाईट.

मग मागचं कळतं कशानं? आवाजानं.

[इथून आवाज सुरू. फक्त जनरेटर.]

एक रात्र सांगतो, गेममधली. उजेड उतरायला लागला की तुम्ही धावत घरात येता. जनरेटरमध्ये पेट्रोल ओतता, तो घुरघुरायला लागतो, दिवे लागतात. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. एका दाराला कपाट सरकवून लावलंय, दुसऱ्या दाराशी चाप मांडून ठेवलाय. तुम्ही कोपरा धरून उभे. पहिला बराच वेळ काहीच नाही. मग कुठंतरी लाकूड करकरतं. तुमच्या खोलीत नाही, पलीकडच्या. तुम्ही म्हणता, जुनं घर आहे, होतं असं. मग दारावर टकटक. कोणी दार तोडत नाही, हाक मारत नाही, नुसतं टकटक करून थांबतं. तुम्ही दाराकडं तोंड करता. आणि दाराकडं तोंड केलं की खिडकी तुमच्या पाठीशी गेली. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतलं दार उघडल्याचा आवाज येतो. ते दार तुम्हीच लावलं होतं.

या सगळ्यात स्क्रीनवर एकही भूत आलेलं नाही. अंगावर अचानक काही उडी मारत नाही, कर्कश किंकाळी फुटत नाही. बनवणाऱ्यांनी सुरुवातीपासून ठरवलं होतं, दचकवायचं नाही. कित्येक रात्री तर खरंच कोणी आत येतच नाही. सकाळी तुम्ही घामाघूम आणि घर जसंच्या तसं. सकाळी व्यापारी येतो, रात्र काढल्याबद्दल त्याच्या वहीत तुमची पत वाढते, त्या बदल्यात तुम्ही त्याच्याकडून माल घ्यायचा. असा उधारी-हिशेब या भयाण जंगलातसुद्धा चालू आहे, हे मला फार आवडलं.

आमच्याकडं रात्रीचं ओलीत ज्यानं केलं, त्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. पंपाची थ्री फेज लाईन पाळीपाळीनं येते, पाळी रात्रीची असली की रात्री जायचं. गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस एकटा बांधावर. बॅटरीचा झोत पडतो तेवढंच दिसतं, बाकीचं सगळं ऐकून ठरवायचं. तुरीत खसफस झाली तर रोही आहे, डुक्कर आहे, का नुसता वारा, हे कान सांगतो. २०१८ मध्ये टी-१ वाघीण याच भागात फिरत होती. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली, तोवर गावोगावचे लोक दिवस मावळायच्या आत घर गाठायचे. तिच्या हल्ल्यांत माणसं गेली होती. त्या भेवाची आणि लॅपटॉपवरच्या भेवाची मी बरोबरी करत नाही, करूही नये. पण अंधारात कान कसे उभे होतात, ते ज्याला माहीत आहे, त्याला डार्कवुड पहिल्याच रात्री पकडतो.

आमचे आबाजी एकदा बाजूला बसून बघत होते. त्यांनी उमेदीची वर्षं जागलीत काढलेली. मी गेममध्ये टकटक ऐकून दाराकडं गेलो, तर म्हणतात, "रात्री आवाज आला तं दार उघडू नाही, एवढं बी समजत नाही का त्याले?" मग थोड्या वेळानं, "त्यानं एक कुत्रं काहून नाही पाळलं?" आता त्या जंगलातली कुत्रीच माणसाला फाडतात, हे आबाजींना कसं सांगायचं! पण प्रश्न बरोबर होता. मोठमोठ्या रिव्ह्यूमध्ये असा प्रश्न मला सापडला नाही.

तर आता कूलर. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात. लोखंडी कूलर, तीन बाजूंना ताट्या, समोर बसलं तर बाजूच्याचं बोलणं ऐकू येत नाही. माझ्या मावसभावानं डार्कवुड त्या कूलरसमोर बसून खेळला, लॅपटॉपच्या स्पीकरवर. त्याला काय ऐकू आलं असेल? कुत्र्याचं भुंकणं आणि फळी फुटली तर धाडकन. करकर नाही, दाराची कडी नाही, टकटक नाही. मग तो म्हणणारच, वरून दिसणारा मारामारीचा गेम आहे, तोही संथ. त्याला हिवाळ्यात हेडफोन लावून बसवला. रात्र निम्मीसुद्धा सरली नव्हती, तर भाऊ म्हणतो, "मले जेवाले बोलवून राहिले वाटते." कोणी बोलवलं नव्हतं. लॅपटॉप मिटवून गेला.

म्हणून कोणी सांगितलं "मला काही भेव वाटलं नाही", तर मी आधी विचारतो, ऐकलं कशावर? हेडफोनवर, अंधारात खेळूनही ज्याला काही वाटलं नाही, त्याचं मत मी मानतो. असेही आहेत.

[पाणी पिऊन घेतो, कट.]

आता तक्रारी. एक मोठी तक्रार मारामारीची. हत्यार आधी उगारायचं, मग मारायचं. उगारायला वेळ लागतो, दम लागतो, तोवर समोरचा चावून जातो. खिळे ठोकलेली फळी हे तुमचं सुरुवातीचं शस्त्र, त्यावरून काय ते समजा. लोक याला अडखळतं, जुनाट म्हणतात. मला नाही पटत. कुऱ्हाड सराईतपणे फिरवणारा हिरो असता, तर रात्री दाराशी उभं राहायला भ्याला असता का? २०१० च्या ॲम्नेशिया या हॉरर गेममध्ये तर हातात शस्त्रच नव्हतं, नुसतं पळायचं. डार्कवुड शस्त्र देतो, पण त्यावर भरवसा ठेवू देत नाही. मला हे जास्त हुशारीचं वाटतं.

नकाशाची तक्रार पण येते. कागदाचा नकाशा आहे, त्यावर ठिकाणं उमटतात, पण चालताना तुम्ही नेमके कुठं आहात ते तो दाखवत नाही. कुठं जा, काय आण, असे बाण नाहीत. मला यात मजा आली, पण नोकरी करून रात्री तासभर खेळणाऱ्याला वैताग येतो, तो मी समजू शकतो.

जी तक्रार मला पूर्ण मान्य आहे ती दुसऱ्या चॅप्टरची, दलदलीची. पहिल्या चॅप्टरमध्ये तीन वेगवेगळी रानं, तिन्हीकडं एकेक आसरा, हळूहळू जग उघडत जातं. दलदलीत गेल्यावर चाल मंदावते. तोवर तुमच्याकडं बंदूक आलेली असते, पेट्रोलचा साठा असतो, रात्रीचे आवाज ओळखीचे झालेले असतात. टकटक झाली तरी तुम्ही पिशवीतलं सामान लावत बसता. भेव पातळ होतं. गोष्ट मात्र तिथंच घट्ट होत जाते, म्हणून सोडू नका.

आणि गोष्टीबद्दल एक बोलायचं राहिलं. "स्टोरीच नाही" म्हणणारे बरेच जण संवाद न वाचता पुढं ढकलतात. त्यांची पूर्ण चूक नाही. सगळं वाचायचं, इंग्रजीत, आणि तेही कोड्यातलं इंग्रजी; मराठी तर नाहीच. मराठी शाळेतून आलेल्या पोराला ते जड जातं. पण गेममधल्या लांडग्याच्या तोंडाच्या माणसाची, म्हणजे वुल्फमॅनची बाजू घ्यायची का त्या व्हायोलिनवाल्या पोराची, यावर पुढं माणसांचं बरंवाईट ठरतं. शेवटही त्याप्रमाणे बदलतात. बाजूला मोबाइल ठेवा, अडलेला शब्द बघा. उशीर होईल, होऊ द्या.

पैशाचंही सांगतो, कारण गावात हा प्रश्न पहिला निघतो. गेम पूर्ण बाजारात आल्यावर काही दिवसांतच या तिघांनी स्वतःच तो पायरेट बे या चोरीच्या डाउनलोडच्या साइटवर फुकट टाकला. कुलूप नाही, अट नाही. एका खेळाडूनं पैसे परत मागितले होते. महिनाअखेरीस बिल पाहून आईवडिलांना टेन्शन नको, म्हणून. ते त्यांच्या मनाला लागलं. शिवाय गेम उघडायचा कोड, म्हणजे 'की', स्वस्तात विकणाऱ्या साइट्सवर त्यांचा राग होता. तिथून घेण्यापेक्षा फुकट घ्या, जमेल तेव्हा विकत घ्या, असं त्यांचं म्हणणं. काही लोकांना हे जाहिरातबाजी वाटली. मला नाही वाटली. जमाखर्च माहीत असलेल्या माणसानं केलेली गोष्ट वाटली. पण मंडळी, आज २०१७ नाही. आता टॉरेंटच्या, म्हणजे अशा फुकट डाउनलोडच्या नावाखाली कोण काय चिकटवेल सांगता येत नाही. सेल लागतो, तेव्हा घ्या.

सुरू करणार असाल तर थोडं ऐका. नॉर्मल या पातळीवरच सुरू करा. त्यात मेलात तर पिशवीतलं निम्मं सामान जिथं पडलात तिथं राहतं, जाऊन उचलता येतं. हार्डमध्ये जीव मोजून मिळतात, नाईटमेअरमध्ये एकच. पहिल्यांदा तिकडं फिरकू नका. सुरुवातीचा डॉक्टरचा भाग कंटाळवाणा वाटला तरी पळवू नका. ब्राइटनेस वाढवून अंधार घालवू नका, मग उरत काही नाही. आणि पेट्रोल जपा. सकाळ झाली की आधी जनरेटर बंद करा. पहिल्या दोन-चार रात्रींत ऐन मध्यरात्री पेट्रोल संपलं, तर मरायची पाळी येते. मग दिवे जातात, आणि काही रात्री अशा येतात की अंधारात नुसत्या सावल्याच माणसाला खातात.

कुठं अडलं तर खाली लिहा. दलदलीतला रस्ता हवा असेल तर त्यावर वेगळा व्हिडिओ करतो, लाईन राहिली तर याच आठवड्यात. चला, येतो.