करळ आणि खैर

श्रोतेहो, नमस्कार.

रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी समुद्राकडे उतरत गेलेले खरबरीत थर दिसतात. कोकणात या खडकाला करळ म्हणतात. जवळ जाऊन पाहा: वाळूचे कण आणि शिंपल्यांचे तुकडे चुन्याने एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. असा खडक तयार होतो तो भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, उष्ण हवेच्या किनाऱ्यांवर. मग तोच खडक आजच्या भरतीच्या रेषेच्या वर, लाट पोचत नाही अशा उंचीला सापडला, तर? एक तर समुद्र तेव्हा अधिक उंच होता, नाही तर जमीन वर उचलली गेली.

आता मुंबईकडे या. १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम चालू असताना चिखलाखाली शेकडो झाडांचे बुंधे लागले. पुष्कळसे उभेच, मुळं मातीत रुतलेली. लाकूड खैराचं. खैर हे कोरड्या रानातलं झाड, खाऱ्या पाण्यात ते कधीच उगवणार नाही. म्हणजे भरतीच्या पातळीच्या कितीतरी खाली एके काळी रान होतं!

एकाच किनाऱ्यावर एक पुरावा वर आणि दुसरा खाली. मला तर हा पेच या सगळ्या अभ्यासातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. समुद्र वाढला तर तो साऱ्या जगात जाणवतो, जमीन खचली तर फक्त तिथल्या तिथे. म्हणून वेगवेगळ्या किनाऱ्यांचे पुरावे वय काढून एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाजवळ उथळ पाण्यातच वाढणारं एक प्रवाळ खोल समुद्रात गाडलेलं मिळालं. त्यावरून १९८९ साली असं दिसून आलं, की शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. तेवढं पाणी ध्रुवाकडच्या प्रदेशांत बर्फ होऊन अडकलं होतं.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय आहे. तिथे समुद्र जेमतेम ७५ मीटर खोल. म्हणजे वीस हजार वर्षांपूर्वी आजच्या तेलविहिरींच्या जागी कोरडी जमीन होती आणि किनारा त्याच्याही पलीकडे. बर्फ वितळला, पाणी चढत आलं आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीजवळ येऊन थबकलं. डॉकमधले खैर नुसत्या या चढत्या पाण्याने बुडाले, की तिथली जमीनही खचली, हे त्यांच्या खोलीचा आणि वयाचा मेळ घातल्याशिवाय ठरवता येत नाही.